भार कमी झाला, की फक्त सरकला?

तापत्या काळातील आरोग्य : लेखांक सहावा

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांच्या वाड्या-वस्त्यांवर निघायची तयारी सुरू होते. पिठाची गोणी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, ताडपत्री, कोयते आणि कडेवरची मुले ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. गावात मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले. पुढचे पाच-सहा महिने ही कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि कर्नाटकातल्या कारखान्यांसाठी उसाच्या फडात राबतात. राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या दहा ते बारा लाखांच्या घरात असावी, असा अंदाज वर्षानुवर्षे दिला जातो आणि त्यात बीडचा वाटा सर्वांत मोठा आहे. हवामान बदलाच्या जागतिक चर्चेत अशा जाण्याला एक सन्मानाचा शब्द आहे : अनुकूलन. पाऊस भरवशाचा राहिला नाही, म्हणून माणसे जिथे पाणी आणि काम आहे तिथे गेली. परिस्थितीशी त्यांनी जुळवून घेतले, असा त्याचा अर्थ. आजच्या लेखांकात हा अर्थच तपासायचा आहे. आधीच्या लेखांकांत उष्णता, पाणी, अन्न आणि डासांमुळे पसरणारे आजार आपण एकेक करून पाहिले. प्रत्यक्षात हे सगळे एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी येते आणि ऊसतोड कामगाराचे शरीर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : कोणत्याही उपायाला अनुकूलन म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. हवामानाचा भार त्या उपायाने कमी झाला, की तो फक्त दुसऱ्या कुणाच्या अंगावर सरकला?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही, मग त्यात हवामान बदल कुठून आणता? आक्षेपात तथ्य आहे. बालाघाटचा पट्टा पर्जन्यछायेत येतो. खाली बेसॉल्टचा कातळ आहे, त्यात पाणी साठायला जागा थोडी, म्हणून विहिरी लवकर भरतात आणि लवकर आटतात. १९७२ चा दुष्काळ आजही घराघरांत सांगितला जातो. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि ऊसतोडीची वाटही त्याच सुमारास मळली. पण जुना आजार असलेल्या माणसाला नवा ताप आला, तर आजार जुनाच आहे म्हणून आपण ताप मोजायचा सोडत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात एकूण पाऊस मात्र घटला, असे त्यात दिसले. कारण समजायला अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि दोन पावसांमधली उघडीप लांबते. कोरडवाहू शेतीला दोन्ही मारक. उघडिपीत पीक वाळते, आणि पुढे एकाच रात्रीत कोसळलेला पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी माती घेऊन ओढ्याला लागतो.

२०१६ हे वर्ष डोळ्यांपुढे आणले तर हे लगेच पटते. त्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मराठवाड्यात पूर आले. टँकर आणि पूर एकाच वर्षाच्या पंचांगात बसू लागले, ही नवी गोष्ट आहे. सरासरी पावसाचा आकडा पाहिला तर असे वर्ष बरे गेल्यासारखे वाटते. पण शेतकऱ्याचे पीक आणि त्याच्या घरची चूल सरासरीवर चालत नाही. पाऊस कधी आला आणि कसा आला, यावर चालते. दर दोन-तीन वर्षांनी हंगाम असा हातचा जाऊ लागला की दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या मालकाला ती जमीन पोसू शकत नाही, आणि तो कोयता उचलतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो अभ्यासू माणसांकडून येतो. हा प्रश्न हवामानाचा नसून पाणीवाटपाचा आहे, असे ते म्हणतात. महाराष्ट्रात ऊस पिकाखालील एकूण क्षेत्राच्या जेमतेम चार टक्के जागा व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्यातला दोन-तृतीयांशाहून मोठा वाटा घेतो, असा हिशेब अनेकदा मांडला गेला आहे. खुद्द मराठवाड्यात, जिथे उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथेही, ऊस आणि कारखाने उभे आहेत. तेव्हा आभाळाकडे बोट दाखवून धोरणाचा दोष झाकू नका, असे या आक्षेपाचे सार. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि त्यामुळे माझे म्हणणे कमजोर होत नाही, उलट पक्के होते. हवामानशास्त्रज्ञ आणि आरोग्यशास्त्रज्ञ जोखमीचे तीन भाग पाडतात : आभाळातून येणारा धोका, त्या धोक्याच्या वाटेत असणे, आणि तो झेलण्याची ताकद नसणे. पहिला भाग निसर्गातून येतो, उरलेले दोन माणसांनी घडवलेले असतात. पाऊस सगळ्यांच्या शिवारावर पडतो. पण पडलेले पाणी उताराच्या दिशेने जाते, आणि समाजातले उतार माणसांनीच काढलेले असतात. हवामान बदल या उतारावरून खाली येतो. तो नवे दुर्बळ तयार करण्याआधी जुन्या दुर्बळांना गाठतो. म्हणून ‘हवामान की धोरण’ अशी निवड करायला लावणे चूक आहे. धोरण वाईट असेल तर बदलत्या हवामानाची किंमत वाढते, आणि हवामान बिघडत असेल तर वाईट धोरण चालवून घेण्याची मुभा संपते.

आता फडात काय घडते ते जवळून पाहू, कारण आरोग्याचा प्रश्न तिथल्या बारकाव्यांत दडलेला आहे. ऊसतोडीचे एकक म्हणजे ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम या जोडीला ‘उचल’ देतो; लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, जुने देणे यांत ती रक्कम निघण्याआधीच खर्च होते आणि मग टनामागच्या मजुरीतून ती फेडायची असते. फडात एक जण कमरेतून वाकून ऊस जमिनीलगत तोडतो, वाढे छाटतो, पाचट उतरवतो. दुसरे माणूस, बहुतेक वेळा बायको, तोडलेला ऊस गोळा करून वाढ्यांनी मोळी बांधते. गाडी आली की तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन, गाडीला टेकवलेल्या फळीवरून तोल सावरत वर चढायचे आणि मोळी रचून खाली यायचे. गाडी भरेपर्यंत हेच. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस एका कोयत्याच्या हातून जातो. उसाच्या पात्याची कड धारदार असते, म्हणून कितीही उकडले तरी अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला फडके लागते. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. शौचालय नाही, न्हाणी नाही, प्यायचे पाणी जवळच्या विहिरीचे किंवा पाटाचे. एक दिवस कामावर गेले नाही की ‘खाडा’ पडतो : त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंडही लागतो.

शरीराच्या दृष्टीने या दिवसाचा अर्थ काय? काम करणारा स्नायू जेवढी ऊर्जा वापरतो, तिच्यातला तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. शरीराला आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचे असते, त्यासाठी ते रक्त त्वचेकडे वळवते आणि घाम काढते. घाम वाळला तर शरीर निवते. भोवती दाट ऊस उभा असला की वारा अडतो, पाण्याखालच्या जमिनीतून आणि पानांतून दमटपणा येतो, अंगावर जाड कपडे असतात. घाम येतो पण वाळत नाही. घामातून गेलेले पाणी भरून निघाले नाही तर रक्त आटते, हृदयाची धडधड वाढते आणि मूत्रपिंडाला मिळणारा रक्तपुरवठा कमी होतो. एखाद्या दिवशी असे झाले तर रात्रीच्या विश्रांतीत शरीर सावरते. रोज असे झाले, तर मूत्रपिंडाला रोज होणारी छोटी इजा साचत जाते. मध्य अमेरिकेत नेमके हेच उघडकीला आले. मधुमेह नाही, रक्तदाबाचा आजार नाही, वय तरुण, आणि तरीही मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येत असल्याची नोंद एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केली. त्यात ऊसमळ्यांवर राबणारे कामगार ठळकपणे होते. कारणांविषयीची चर्चा संपलेली नाही. कीटकनाशके आणि इतर घटकही तपासले जात आहेत. पण कडक उन्हातले अतिकष्ट आणि पाण्याची कमतरता यांचा त्यात मोठा हात आहे, याचे पुरावे भक्कम आहेत.

इथे कुणी म्हणेल की आपली ऊसतोड थंडीत चालते, मध्य अमेरिकेची तुलना इथे लागू होत नाही. हंगामाची सुरुवात थंडीत होते हे बरोबर, पण शेवट थंडीत होत नाही. मार्च २०२२ हा भारतातील १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्याच वर्षी महाराष्ट्रात उसाचे पीक विक्रमी आले होते, आणि मराठवाड्यात ऊस शिल्लक राहिल्याने गाळप थेट जूनपर्यंत लांबले. एरवी गुढीपाडव्याच्या सुमारास गावाकडे परतणारी माणसे त्या वर्षी मे महिन्याच्या उन्हात फडात होती. उलट टोकाचे वर्षही फार मागे नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात ऊस वाळला, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात उभा ऊस बुडाला, आणि २०१९-२० च्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन आदल्या वर्षीच्या १०७ लाख टनांवरून ६२ लाख टनांच्या जवळ आले. ऊस कमी म्हणजे तोड कमी. तोड कमी म्हणजे उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीचे जाणे आधीच ठरून जाते. दोन वर्षांनी, २०२१-२२ मध्ये, हेच उत्पादन १३७ लाख टनांवर गेले आणि माणसे उन्हाळाभर अडकली. म्हणजे ज्या संकटापासून दूर जाण्यासाठी ही कुटुंबे निघतात, ते संकट जिथे पोचतात तिथेही वाट पाहत असते. ऊस वाढला तर कष्ट वाढतात, घटला तर कर्ज वाढते. हवामानाच्या दोन्ही टोकांचा भार एकाच कोयत्यावर येतो.

हा भार बायकांच्या शरीरावर कसा उमटतो, ते २०१९ साली साऱ्या देशासमोर आले. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे जवळपास दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण राज्यात तीन टक्क्यांच्याही आत होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, तरी एवढी मोठी तफावत वयाच्या फरकाने भरून निघत नाही. या आकड्याला सरळ ‘हवामान बदलाचे बळी’ म्हणणे खोटे ठरेल. लवकर लग्ने, लागोपाठ बाळंतपणे, शौचालय आणि न्हाणी नसल्याने होणारे जंतुसंसर्ग, लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिणे, पाळीच्या त्रासात पडणारा खाडा, आणि साध्या तक्रारीला कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवणारी खासगी वैद्यकी, अशी ही साखळी आहे. पण साखळीच्या सुरुवातीला बिनभरवशाचा पाऊस आणि शेवटी कापलेले शरीर आहे, हे नजरेआड करता येत नाही. आणि त्रास तिथे थांबत नाही. अंडाशये काढली गेली असतील तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होत जातात, आणि त्याच हाडांवर पुन्हा मोळी उचलावी लागते. त्यात उष्णतेची भर पडते आहे. तमिळनाडूत ८०० गर्भवती महिलांचा अभ्यास झाला, तेव्हा अतिउष्ण वातावरणात काम करणाऱ्या महिलांमध्ये गर्भपात किंवा मृत अपत्य जन्मण्याची जोखीम इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. फडात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत राबणाऱ्या बाईसाठी हा आकडा लांबचा नाही.

तिसरा आक्षेप स्थलांतराच्या बाजूने आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे, कारण स्थलांतराला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. माणूस आदिकाळापासून हलत आला आहे. गावाबाहेर पडल्यामुळे अनेकांची घरे उभी राहिली, मुले शिकली, जातीच्या जोखडातून सुटका झाली. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाने २०५० पर्यंत सहा प्रदेशांत मिळून २१ कोटी ६० लाखांपर्यंत लोक आपल्याच देशात हवामानामुळे स्थलांतर करतील असा अंदाज मांडला. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की उत्सर्जन वेळेत रोखले आणि विकास सर्वांना सामावून घेणारा झाला, तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. म्हणजे माणसे किती हलणार, एवढाच हा प्रश्न नाही. ती कोणत्या अटींवर हलणार, हा आहे. एखादी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन पुण्याला जाते, तेव्हा तिच्या घराचा पावसावरचा भार कमी होतो : तिचा पगार पावसावर ठरत नाही, आजारी पडली तर रजा मिळते, आणि परतायचे की नाही हे ती ठरवते. कोयत्याच्या जोडीला या तीनपैकी एकही गोष्ट मिळत नाही. मजुरी पुन्हा पावसावर, आजारपणावर दंड, आणि परतण्याची तारीख कारखान्याच्या धुराड्यावर. पहिले स्थलांतर अनुकूलन आहे. दुसऱ्यात कुटुंब जगते हे खरे, पण ते आपल्या शरीराची मुद्दल खर्च करून जगते, आणि मुद्दल संपली की त्याच घरातले पुढचे पोर कोयता धरते.

मग खरे अनुकूलन कसे दिसते? त्याची उदाहरणे आहेत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर तिथल्या महापालिकेने शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला : आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण. पुढे झालेल्या मूल्यमापनात या आराखड्यानंतर दरवर्षी सरासरी हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. इशारा वेळेत मिळाला तर जीव वाचतो, एवढे यातून निश्चित झाले. पण या आराखड्यांतला सर्वांत परिचित सल्ला घ्या : दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका. हा सल्ला पाळणे ज्याला परवडते, त्याचा जीव तो वाचवतो. टनावर मजुरी घेणाऱ्याने तो पाळला तर तीन तासांची मजुरी जाते आणि खाड्याची भीती उरते. इशारा त्याच्यापर्यंत पोचतो, सावली पोचत नाही. म्हणून इशाऱ्याच्या पुढचा टप्पा कामाच्या ठिकाणी आहे : विश्रांतीच्या तासाची किंमत कोण भरणार?

याचे उत्तर पुन्हा मध्य अमेरिकेतल्या ऊसमळ्यांत शोधले गेले. ‘पाणी, विश्रांती, सावली’ हे तीन शब्द त्या प्रयोगाचे सूत्र झाले. एल साल्वादोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात कामगारांना पाठीवर बांधायच्या पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या, हलवता येणारे सावलीचे तंबू, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती आणि सुधारित कोयते देण्यात आले. मजुरी बुडेल आणि काम मागे पडेल, अशी भीती होती. प्रत्यक्षात माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. यातला काही वाटा चांगल्या कोयत्याचाही असणार, आणि तिथे ऊस जाळून तोडतात, त्यामुळे पाचट उतरवण्याचे कष्ट नसतात. म्हणून हे टन आपल्या टनांशी ताडून पाहता येणार नाहीत. पण विश्रांती दिली की उत्पन्न घटतेच, हा समज त्या प्रयोगाने खोडला. पुढे निकाराग्वात हेच उपाय अधिक काटेकोरपणे राबवल्यावर तोड कामगारांमध्ये हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाणही लक्षणीय घटले. यात अवघड तंत्रज्ञान काहीच नाही. पाण्याचा एक टँकर, एक तंबू, चार फिरती शौचालये आणि विश्रांतीचा तास मजुरीत धरणारा करार, एवढीच सामग्री आहे.

हे सगळे करण्यापेक्षा तोडणी यंत्रे आणा, प्रश्नच मिटेल, असे आता वारंवार ऐकू येते. यंत्राने कंबर वाचते, हे खरे. यंत्राला विरोध करण्यासाठी कुणाच्या कंबरेचा बळी द्यावा असे मी म्हणणार नाही. पण भाराची कसोटी इथेही लावावी. यंत्र आले की कारखान्याची मजूरटंचाई संपते आणि बागायतदाराचा ऊस वेळेवर जातो. पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पाऊस मात्र तसाच बेभरवशाचा राहतो आणि हातातले होते ते कामही जाते. तो मग वीटभट्टीवर, बांधकामावर, शहराच्या पत्र्याच्या खोलीत जाईल, म्हणजे अधिक उष्ण जागी. यंत्रांबरोबर गावात काय उभे राहणार आहे, याचे उत्तर नसेल तर यंत्रही भार सरकवण्याचेच साधन ठरते.

गावात काय उभे राहू शकते, याचा विचार करताना अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव घेतले जाते आणि लगेच म्हटले जाते की तिथल्या कामाचे नेतृत्व करणारे पोपटराव पवार प्रत्येक गावाला कुठून आणणार. माझ्या मते तिथली अनुकरण करण्याजोगी गोष्ट नेतृत्वापेक्षा नियमांत आहे. तिथे समतल चर खणले, झाडे लावली, बंधारे घातले, हे अनेक गावांत झाले. वेगळेपण असे की मुरलेल्या पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला निघते, उरलेल्यावर कोणते पीक घ्यायचे ते ठरते. सिंचनासाठी विंधन विहिरींना बंदी आहे, जास्त पाणी खाणाऱ्या पिकांना आवर आहे. गाव सोडून गेलेली कुटुंबे तिथे परतली, ती या नियमांच्या भरवशावर. याच्या उलट चित्र प्लॅस्टिक अंथरलेल्या मोठ्या शेततळ्यांचे आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी सुरू झालेली ही कल्पना अनेक ठिकाणी विंधन विहिरीतून उपसलेले पाणी साठवण्यासाठी वापरली गेली. जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेले, सगळ्या शिवाराचे पाणी एकाच्या तळ्यात आले आणि उन्हात वाफ होऊन जाऊ लागले. तळ्याच्या मालकाने दुष्काळाशी जुळवून घेतले. शेजाऱ्याची विहीर आटली, आणि पुढच्या दसऱ्याला शेजाऱ्याच्या दारात मुकादम आला. दोन्ही उपाय सरकारी कागदावर जलसंधारण म्हणूनच नोंदले जातील. फरक दिसतो तो भाराचा हिशेब मांडल्यावर.

हा हिशेब मांडायला सुरुवात करण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही. बीडमध्ये २०१९ नंतर गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले, निघताना आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी हे मान्य झाले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे आणि त्यासाठी गाळपाच्या दर टनामागे दहा रुपयांची तरतूद आहे. एका टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. म्हणजे किलोमागे हे सुमारे दहा पैसे होतात. दहा कोटी टन गाळपाच्या वर्षात हीच रक्कम शंभर कोटी रुपयांवर जाते. फडाफडावर पाणी, सावली, शौचालय पोचवायला आणि आजारपणाच्या दिवशी खाड्याऐवजी मजुरी द्यायला हे पैसे पुरले नाहीत, तर आणखी दहा पैसे वाढवता येतील. चहाच्या कपातल्या दोन चमच्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. आज ते दहा पैसे कुणी भरतच नाही असे नाही. ते बीडची बाई भरते आहे, आणि ते पैशांत नसतात. दिवाळीनंतर ट्रक पुन्हा निघतील तेव्हा ते थांबवता येतील असे नाही. पण आतल्या माणसांना परत आणताना ती निघाली तशी धडधाकट आणायची, एवढी अट आपण साखरेच्या किमतीत घालू शकतो. ती अट पुरी होईल त्या वर्षी या जाण्याला अनुकूलन म्हणू.

(पुढील लेखांकात : समुद्राचे खारे पाणी शेतात आणि विहिरीत शिरते तेव्हा, कोकण आणि सुंदरबन.)